एका सर्व्हरवर साठ यंत्रे : रस्टमध्ये लिहिलेले मुक्तस्रोत व्हीएमएम

हे टिपण ऑपरेटिंग सिस्टीमचा पहिला पेपर झालेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रोसेस, पेज टेबल, सिस्टीम कॉल आणि सी भाषेतला पॉइंटर म्हणजे काय, एवढे माहीत असावे. रस्ट येत नसेल तरी चालेल. लागेल तेवढी वाटेत सांगितली आहे.

सुरुवात एका फसलेल्या प्रॅक्टिकलपासून

कोलकात्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांचे सी प्रोग्रॅम आपोआप तपासण्याची सोय केली. साठ मुलांची बॅच, एक लिनक्स सर्व्हर, आणि सगळ्यांचे प्रोग्रॅम एकाच यूजर खात्याखाली चालायचे. फोर्कच्या प्रयोगाच्या दिवशी एका मुलाने लूपची अट उलटी लिहिली. प्रत्येक नवी प्रोसेस आणखी प्रोसेस काढत गेली आणि दोन मिनिटांत सर्व्हर कीबोर्डलाही दाद देईनासा झाला. शेवटी बटण दाबून बंद करावा लागला. निकालांची फाइल त्याच वेळी लिहिली जात होती, ती अर्धवट राहिली. बॅचमधल्या बाकीच्या मुलांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

तो मुलगा दोन दिवस कोणाला तोंड दाखवत नव्हता. खरे तर चूक माझी होती. लूपची अट चुकणे हा विद्यार्थ्याचा हक्कच आहे. अनोळखी कोड दुसऱ्यांच्या कोडला खेटून चालवायचा नसतो, हे मला कळायला हवे होते.

प्रोसेसच्या संख्येवर मर्यादा घालून हा एक प्रसंग टळला असता. पण उद्या एखादा प्रोग्रॅम दुसऱ्याची फाइल वाचेल, परवा कर्नेलमधल्या एखाद्या त्रुटीचा फायदा घेऊन रूट होईल. मग लोक कंटेनर सुचवतात. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. दार आपले, कुलूप आपले, पण जिना, नळ आणि पाण्याची टाकी सगळ्यांची एकच. इथे टाकी म्हणजे लिनक्स कर्नेल. कंटेनरमधला प्रोग्रॅम त्याच कर्नेलला शेकडो सिस्टीम कॉलमधून हाक मारू शकतो आणि त्यातल्या एकात जरी भोक सापडले तरी सगळ्या खोल्यांत पाणी शिरते. व्हर्च्युअल मशीनमध्ये पाहुण्याला स्वतःचा वेगळा कर्नेल मिळतो. यजमान यंत्राशी त्याचा संबंध उरतो तो फार अरुंद दारातून. या टिपणाचा विषय ते दार आणि त्याची राखण करणारा प्रोग्रॅम हा आहे.

थोडा इतिहास

कोलकात्याच्या बरानगरमधल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ मध्ये एचईसी-२एम हा संगणक सुरू झाला. भारतातला पहिला अंकीय संगणक म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याच्या चुंबकीय ड्रमवर १०२४ शब्दांची स्मृती होती. अशा यंत्रावर एका वेळी एकच काम चालते, त्यामुळे शेजाऱ्यापासून संरक्षण हा प्रश्नच नसतो. यंत्र महाग आणि वापरणारे अनेक अशी स्थिती आली तेव्हा तो उभा राहिला. आयबीएमने साठच्या दशकात केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये सीपी-४० ही प्रणाली केली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणली. प्रत्येक वापरकर्त्याला एक अख्खे यंत्र आपल्याच मालकीचे असल्याचा भास, ही कल्पना तेव्हाची आहे.

१९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी तिला नियमांत बसवले. परीक्षेत हमखास विचारतात, म्हणून नीट लक्षात ठेवा. पाहुणा प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर जसा वागला असता तसाच वागला पाहिजे. साधनांवरचा ताबा पूर्णपणे मॉनिटरकडे राहिला पाहिजे. आणि बहुतेक सूचना मॉनिटरच्या मध्यस्थीविना थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. त्यासाठी अट अशी की यंत्राची स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक संवेदनशील सूचना यूजर मोडमध्ये चालवली तर ट्रॅप झाला पाहिजे, म्हणजे ताबा मॉनिटरकडे गेला पाहिजे.

इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर या अटीत नापास होता. २००० साली रॉबिन आणि अर्व्हिन यांनी पेंटियममध्ये अशा १७ सूचना दाखवल्या. नेहमीचे उदाहरण पॉपएफ या सूचनेचे. पाहुण्या कर्नेलने तिच्याद्वारे इंटरप्ट बंद करायचे ठरवले, पण तो यूजर मोडमध्ये असला तर प्रोसेसर ती विनंती गुपचूप गिळतो. ट्रॅप नाही, तक्रार नाही. मॉनिटरला पत्ताच लागत नाही. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये पाहुण्याचा कोड चालता चालता बदलून यावर मात केली. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच 'गेस्ट मोड' दिला आणि ती कसरत संपली.

केव्हीएम आणि व्हीएमएम : कोण काय करते

विद्यार्थी इथे हटकून गोंधळतात, म्हणून सावकाश जाऊ. लिनक्समध्ये केव्हीएम नावाचा भाग आहे. तो फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये आला. प्रोसेसरचा गेस्ट मोड तो एका उपकरण-फाइलच्या रूपात आपल्या हाती देतो. पण केव्हीएम म्हणजे संपूर्ण व्हर्च्युअल मशीन नव्हे. त्याच्याकडे डिस्क नाही, नेटवर्क कार्ड नाही, सिरियल पोर्टही नाही. ते सगळे सोंग यूजर स्पेसमधल्या एका साध्या प्रोसेसला वठवावे लागते. तिला व्हर्च्युअल मशीन मॉनिटर, थोडक्यात व्हीएमएम म्हणतात.

व्हीएमएम केव्हीएमला सांगतो : एक यंत्र तयार कर, माझ्या पत्ता-अवकाशातला हा १२८ एमबीचा तुकडा त्या यंत्राची रॅम समज, एक व्हीसीपीयू दे, आता चालव. शेवटच्या सूचनेनंतर प्रोसेसर गेस्ट मोडमध्ये शिरतो आणि पाहुण्याच्या सूचना थेट हार्डवेअरवर धावू लागतात. पाहुण्याने हेक्साडेसिमल ३एफ८ या पोर्टवर, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टवर, 'अ' हे अक्षर लिहायचा प्रयत्न केला की प्रोसेसर बाहेर पडतो. याला व्हीएम एक्झिट म्हणतात. केव्हीएम व्हीएमएमकडे परततो आणि सांगतो, पाहुण्याला या पोर्टवर एवढे बाइट लिहायचे आहेत. व्हीएमएम ते बाइट आपल्या टर्मिनलवर छापतो आणि पुन्हा म्हणतो, चालव. व्हर्च्युअल मशीनचा गाभा म्हणजे हे एवढे लूप. बाकी सगळा पसारा उपकरणांचा असतो, आणि धोकाही तिथेच असतो, कारण उपकरणाकडे येणारा प्रत्येक बाइट पाहुण्याने ठरवलेला असतो.

फ्लॉपीच्या वाटेने घरात

क्यूईएमयू हा फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला मुक्तस्रोत प्रकल्प सी भाषेत आहे. अनेक प्रकारच्या प्रोसेसरांची आणि जुन्या-नव्या उपकरणांची नक्कल तो करतो. त्याच्यावाचून लिनक्सवरचे व्हर्च्युअलायझेशन उभेच राहिले नसते, हे आधी मान्य करू आणि मग त्याची एक चूक पाहू.

१३ मे २०१५ रोजी 'व्हेनम' नावाची त्रुटी जाहीर झाली. क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये ५१२ बाइटांचा बफर होता. पाहुणा आज्ञा आणि तिचे पॅरामीटर पोर्टवर लिहितो, कंट्रोलर ते बफरमध्ये साठवतो आणि आज्ञा संपली की निर्देशांक पुन्हा शून्यावर नेतो. दोन आज्ञांच्या बाबतीत निर्देशांक शून्यावर न नेण्याची वाट शिल्लक राहिली होती. मग पाहुणा लिहीतच राहिला तर ५१३ वा, ५१४ वा बाइट बफरच्या पलीकडे, व्हीएमएमच्या स्वतःच्या स्मृतीत जाऊ लागतो. सी भाषा काही विचारत नाही. हा कोड २००४ पासून तसाच होता आणि पाहुण्याला फ्लॉपी जोडलेली नसली तरी कंट्रोलर हजर असायचा. २०१५ मध्ये फ्लॉपी कोण वापरत होते? कोणीच नाही. पण तिच्यातून पाहुणा यजमानाच्या प्रोसेसमध्ये उतरू शकत होता.

योगायोग असा की दोनच दिवसांनी, १५ मे २०१५ रोजी, रस्ट भाषेची १.० आवृत्ती आली.

तीच चूक रस्टमध्ये केली तर काय होईल? चूक करता येईल. निर्देशांक शून्यावर न्यायचे विसरणे कोणतीही भाषा थांबवत नाही. पण ५१२ बाइटांच्या अ‍ॅरेमध्ये ५१२ हा निर्देशांक वापरताच सीमा-तपासणी अडवते आणि प्रोग्रॅम पॅनिक होतो, म्हणजे जागीच थांबतो. एका व्हर्च्युअल मशीनसाठी एक प्रोसेस अशी रचना असेल तर मरतो तो खोडी काढणारा पाहुणाच. शेजाऱ्याचे आणि यजमानाचे काही बिघडत नाही. चूक तीच, पण घरफोडीऐवजी फ्यूज उडाला.

रस्टचा दुसरा उपयोग मालकीच्या नियमांचा. प्रत्येक मूल्याला एकच मालक. उसने देताना एक तर अनेकांना फक्त वाचायला किंवा एकालाच बदलायला. त्यामुळे सोडून दिलेली स्मृती पुन्हा वापरण्याची चूक संकलनाच्या वेळीच पकडली जाते. व्हीएमएममध्ये प्रत्येक व्हीसीपीयूसाठी वेगळा थ्रेड असतो आणि ते सगळे त्याच उपकरणांना हात लावतात. कुलूप न लावता लावू पाहिले तर कंपायलर नकार देतो. तिसरी, छोटी पण कामाची गोष्ट : व्हीएम एक्झिटची कारणे 'इनम' म्हणून येतात आणि 'मॅच' लिहिताना सगळ्या शक्यता हाताळाव्याच लागतात, निदान 'बाकी सगळे' अशी शाखा तरी लिहावी लागते.

रस्ट जिथे हात टेकते

इथवर वाचून रस्टची जाहिरात वाटली असेल, तर पुढचा भाग दोनदा वाचा.

पाहुण्याची रॅम म्हणजे व्हीएमएमच्या पत्ता-अवकाशातला एक मोठा तुकडा. रस्टची सगळी हमी एका गृहीतकावर उभी आहे : मी बदलण्यासाठी उसने घेतलेले मूल्य दुसरे कोणी बदलत नाही. पाहुण्याची रॅम नेमके हेच मोडते. पाहुण्याचा दुसरा व्हीसीपीयू कोणत्याही क्षणी तिथे लिहू शकतो आणि तो रस्टचा कायदा वाचून आलेला नसतो. म्हणून या स्मृतीला रस्टचा साधा संदर्भ देणेच चूक आहे. रस्ट-व्हीएमएम प्रकल्पातले 'व्हीएम-मेमरी' हे क्रेट त्यासाठी व्होलाटाइल वाचन-लेखन वापरते, आणि त्याच्या पोटात 'अनसेफ' ठोकळे आहेत. अनसेफ म्हणजे कंपायलरला सांगणे की इथली जबाबदारी माझी. तो ठोकळा टाळता येत नाही. फक्त लहान आणि एका जागी ठेवता येतो, म्हणजे तपासणाऱ्याला कुठे पाहायचे ते कळते.

आता एक चूक पाहा जी अनसेफशिवायही होते. व्हर्टआयओ या पद्धतीत पाहुणा रॅममध्ये डिस्क्रिप्टर लिहितो : माझा बफर या पत्त्यावर आहे, लांबी एवढी. व्हीएमएम लांबी वाचतो, ४०९६ पेक्षा कमी आहे हे तपासतो आणि पुढच्या ओळीत तीच लांबी रॅममधून पुन्हा वाचून वापरतो. दोन वाचनांच्या मधल्या क्षणात पाहुण्याने ती बदलली तर? तपासली एक, वापरली दुसरीच. उपाय सोपा आहे : डिस्क्रिप्टर एकदाच स्वतःच्या चलात उतरवून घ्या आणि त्यानंतर पाहुण्याच्या रॅमकडे वळून पाहू नका. पण हे करा असे रस्ट सांगत नाही. माणसाला कळावे लागते.

बेरजेचेही तसेच. पत्ता अधिक लांबी ही ६४ बिटांची बेरीज ओसंडून लहान संख्या झाली तर सीमा-तपासणी फसते. रस्टच्या डीबग बिल्डमध्ये ओसंडणारी बेरीज पॅनिक करते, पण रिलीज बिल्डमध्ये नेहमीच्या सेटिंगला ती मुकाट गोल फिरते. म्हणून पाहुण्याकडून आलेल्या आकड्यांवर 'चेक्ड अ‍ॅड' वापरायचे. वर्गात मी हा प्रश्न दर वर्षी विचारतो आणि दर वर्षी निम्मा वर्ग चुकतो.

हे सगळे केवळ शक्यतेच्या पातळीवर नाही. फायरक्रॅकरच्या ०.१८.० आणि ०.१९.० या आवृत्त्यांत व्हीसॉक उपकरणाच्या सीमा-तपासणीत तर्काची चूक होती आणि तिच्यामुळे बफर ओव्हरफ्लो होऊ शकत होता. तिची नोंद सीव्हीई-२०१९-१८९६० या क्रमांकाने आहे. रस्टमध्ये लिहिलेल्या, सुरक्षितता हेच ब्रीद असलेल्या प्रकल्पात हे घडले. मुलाखतीत कोणी 'रस्टमध्ये मेमरी बग होत नाहीत ना?' असे विचारले तर हा क्रमांक सांगा. शिवाय खाली केव्हीएम आणि कर्नेल सीमध्येच आहेत, आणि स्पेक्टरसारखे प्रोसेसरचे दोष कोणत्याच भाषेला जुमानत नाहीत.

फायरक्रॅकर : कमी करण्याची कला

गूगलने क्रोमओएससाठी क्रॉसव्हीएम नावाचा व्हीएमएम रस्टमध्ये लिहिला. त्याच्या कोडवरून सुरुवात करून अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसने फायरक्रॅकर केला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये अपाची २.० परवान्याखाली खुला केला. नावाचा अर्थ फटाका. कालीपूजेच्या रात्री कोलकात्यात हे शिकवायला घेतले तर वेगळे उदाहरण द्यावे लागत नाही : क्षणात पेटतो, काम करून संपतो. लॅम्डा सेवेत प्रोग्रॅमला नेमके असेच यंत्र हवे असते. मुंबईच्या विभागात चालणारे तुमचे लॅम्डा फंक्शन अशाच एखाद्या सूक्ष्म यंत्रात बसलेले असते.

२०२० च्या एनएसडीआय परिषदेतला फायरक्रॅकरवरचा शोधनिबंध पदवीच्या विद्यार्थ्याला सहज वाचता येतो. त्यात क्यूईएमयूचा कोड १४ लाखांहून अधिक ओळींचा आणि फायरक्रॅकरचा सुमारे ५० हजार ओळींचा असल्याचे दिले आहे. माझ्या मते सुरक्षिततेचे मोठे श्रेय भाषेइतकेच या घटीला जाते. ज्या फ्लॉपी कंट्रोलरचा कोडच नाही, त्यातून कोण शिरणार? मूळ रचनेत बायोस नाही, पीसीआय बस नाही, यूएसबी नाही, पडदा नाही. नेटवर्क, डिस्क, सिरियल पोर्ट, व्हीसॉक एवढी मोजकी उपकरणे, आणि एक कीबोर्ड कंट्रोलर, ज्याला जवळजवळ एकच 'बटण' आहे : यंत्र बंद करण्याचे. कर्नेलची फाइल थेट पाहुण्याच्या रॅममध्ये उतरवून तिच्या प्रवेशबिंदूवर उडी मारली जाते. १२८ एमबीच्या पाहुण्याला यूजर स्पेसपर्यंत पोहोचायला १२५ मिलिसेकंदांहून कमी वेळ लागावा आणि प्रत्येक यंत्रामागे व्हीएमएमचा स्वतःचा स्मृतीखर्च ५ एमबीच्या आत राहावा, असे प्रकल्पाचे घोषित लक्ष्य आहे.

व्हीएमएममध्येच कोणी शिरला तर काय, याचाही विचार आहे. 'जेलर' नावाचा छोटा प्रोग्रॅम आधी वेगळी रूट डिरेक्टरी, नेमस्पेस आणि सीग्रुप लावतो, विशेषाधिकार टाकून देतो आणि मग फायरक्रॅकर सुरू करतो. त्यावर सेककॉम्पची गाळणी : त्या निबंधानुसार अवघे २४ सिस्टीम कॉल आणि ३० आयऑक्टल मोकळे. म्हणजे सुरुवातीला ज्या कंटेनरला चाळीतली खोली म्हटले, तीच खोली इथे दुसरी भिंत म्हणून उपयोगी पडते. डिस्क आणि नेटवर्कच्या वेगावर मर्यादा आहे ती टोकन बकेटची, जी तुम्ही नेटवर्कच्या पेपरात शिकलात.

डिसेंबर २०१८ मध्ये रस्ट-व्हीएमएम हा सामाईक प्रकल्प सुरू झाला : केव्हीएमशी बोलणे, पाहुण्याची स्मृती, कर्नेल लोड करणे, व्हर्टआयओच्या रांगा असे तुकडे सगळ्यांनी मिळून वापरायचे. इंटेलने सुरू केलेला आणि २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेलेला क्लाउड हायपरवायझर त्यातले तुकडे वापरतो. तो दीर्घकाळ चालणाऱ्या, मोठ्या यंत्रांसाठी आहे, विंडोजही चालवतो. क्रॉसव्हीएमची खासियत अशी की तो वेगवेगळी उपकरणे वेगवेगळ्या, जखडलेल्या प्रोसेसमध्ये ठेवू शकतो.

पुन्हा प्रयोगशाळेत

आता आमच्याकडे प्रत्येक उत्तरासाठी एक सूक्ष्म यंत्र चालते. मूळ डिस्क सगळ्यांना सामाईक आणि फक्त वाचण्याजोगी, विद्यार्थ्याचा कोड दुसऱ्या छोट्या डिस्कवर, उत्तर सिरियल पोर्टवरून बाहेर, दहा सेकंद झाले की प्रोसेस ठार. हिशेब असा : ६० यंत्रे गुणिले १२८ म्हणजे ७६८० एमबी, वर व्हीएमएमचे जास्तीत जास्त ३०० एमबी. १६ जीबीच्या सर्व्हरवर हे बसते. प्रत्यक्षात याहून कमी लागते, कारण पाहुण्याने हात लावलेलीच पाने खरी रॅम घेतात. गेल्या सत्रात फोर्कचे तीन बाँब फुटले. ते मला नोंदवहीतूनच कळले. शेजारच्या कोणालाही धक्का लागला नाही. एकमेकांचे प्रोग्रॅम उतरवून काढण्यावर मात्र या व्यवस्थेत इलाज नाही.

घरी करून पाहायचे असेल तर लिनक्सवर प्रोसेसरच्या माहितीत व्हीएमएक्स किंवा एसव्हीएम हा ध्वज आहे का ते आधी बघा. नसेल तर बायोसमध्ये सोय बंद असण्याची शक्यता जास्त. केव्हीएमच्या उपकरण-फाइलवर वाचण्या-लिहिण्याची परवानगी लागते. भाड्याच्या स्वस्त क्लाउड यंत्रांवर ही फाइल बहुधा सापडत नाही, कारण तुम्ही स्वतःच तिथे पाहुणे असता.

सरावासाठी

१. पाहुण्याने पत्ता म्हणून २ चा ६४ वा घात वजा १६ आणि लांबी ३२ दिली. साध्या बेरजेने, रिलीज बिल्डमध्ये, शेवटचा पत्ता किती येतो? तपासणी का फसते?

२. व्हेनमची चूक रस्टमध्ये, पण अनसेफ ठोकळ्यात कच्चा पॉइंटर वापरून लिहिली, तर काय बदलते?

३. केव्हीएम-आयऑक्टल्स हे क्रेट वापरून, ३एफ८ पोर्टवर स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर लिहून थांबणारा पाहुणा तयार करा. त्याला थांबण्यापर्यंत किती व्हीएम एक्झिट लागले ते मोजा, आणि आधी बांधलेल्या अंदाजाशी जुळते का ते पाहा.